इंग्लंडच्या डोंगराळ मुलखात सायकलमार्ग आखताना

इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर असलेल्या स्काफेल पाइकची उंची ९७८ मीटर आहे, तर कळसूबाईची १६४६ मीटर. आणि इंग्लंडमधील सर्व वाहनांसाठी खुले असलेले सर्वांत उंच डांबरी रस्तेही समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडेच वर जातात. हे आकडे पाहून सह्याद्रीतील घाट चढण्याचा सराव असलेल्या सायकलस्वाराला तेथील डोंगर किरकोळ वाटण्याची शक्यता असते. हा समज पहिल्या दिवशीच खोटा ठरतो, कारण सायकलस्वाराची कसोटी शिखराची उंची घेत नाही; ती उंची रस्त्याने किती अंतरात गाठली आहे, यावर सारे काही अवलंबून असते. इंग्लंडमधील ग्रामीण रस्ते ही उंची फार थोड्या अंतरात गाठतात, खाली उतरतात आणि पुन्हा चढतात. म्हणून तेथील मार्गाची आखणी करताना एकूण किलोमीटरपेक्षा आणि एकूण चढाईपेक्षाही, चढ किती तीव्र आहे आणि तो मार्गात कोठे येतो, याचा विचार आधी करावा लागतो.

चढाची तीव्रता टक्क्यांत सांगितली जाते. शंभर मीटर आडवे अंतर जाताना रस्ता दहा मीटर उंच गेला, तर तो दहा टक्क्यांचा चढ. जुन्या इंग्रजी फलकांवर हेच प्रमाण ‘चारास एक’, ‘पाचास एक’ अशा रीतीने लिहिलेले आढळते. चारास एक म्हणजे पंचवीस टक्के आणि पाचास एक म्हणजे वीस टक्के. सह्याद्रीतील मोठे घाटरस्ते बहुतांशी चाकांच्या वाहतुकीसाठी अभियंत्यांनी आखले. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, आणि पुढील घाटांतही भरलेली गाडी वर नेता यावी म्हणून वळणे घेत, चढ सौम्य ठेवत रस्ते काढले गेले. इंग्लंडच्या डोंगराळ भागातील अनेक लहान रस्ते याहून जुने आहेत. ओझ्याची तट्टे, मेंढ्यांचे कळप आणि पायी जाणारे लोक ज्या वाटांनी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात सरळ चढून जात, त्याच वाटांवर पुढे डांबर पडले आणि चढ मात्र होता तसाच राहिला. लंडनच्या दक्षिणेकडील बॉक्स हिलवरचा झिगझॅग रस्ता याला अपवाद आहे. तो वळणे घेत सुमारे अडीच किलोमीटर चढतो आणि त्याची सरासरी तीव्रता पाच टक्क्यांच्या आसपास राहते. २०१२ च्या ऑलिंपिक शर्यतीमुळे त्याचे नाव जगभर झाले असले, तरी पसरणी घाट चढलेल्या स्वाराला तो अवघड वाटणार नाही आणि त्यावरून उरलेल्या इंग्लंडचा अंदाजही बांधता येणार नाही.

तीव्रतेचा परिणाम नेमका किती होतो, हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. स्वार, सायकल, पाणी आणि सामान यांचे एकत्रित वजन ८५ किलो धरले, आणि नियमित सराव असलेला हौशी स्वार सलग बराच वेळ २०० वॅट शक्ती लावू शकतो असे मानले, तर दहा टक्क्यांच्या चढावर त्याचा वेग ताशी साधारण आठ किलोमीटर राहतो. पुढच्या दातेरी चक्राला, म्हणजे चेनरिंगला, ३४ दाते आणि मागच्या कॅसेटमधील सर्वांत मोठ्या चक्रालाही ३४ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो. या गिअरवर वरील वेगाने पेडलचे मिनिटाला पासष्टच्या आसपास फेरे पडतात, आणि ही लय शरीराला मानवते. तोच स्वार तेवढ्याच शक्तीने पंचवीस टक्क्यांच्या चढावर गेला, तर वेग ताशी साडेतीन किलोमीटरवर येतो आणि फेरे मिनिटाला तीसच्याही खाली जातात. एवढ्या कमी वेगात सायकलचा तोल सांभाळणे कठीण होते, गुडघ्यांवर अतोनात ताण येतो आणि बहुतेक वेळा पाय जमिनीवर टेकवावाच लागतो. पुढे ३० आणि मागे ३६ दात्यांची जोडी असेल, आणि स्वाराने एक-दोन मिनिटांपुरती शक्ती ३०० वॅटपर्यंत वाढवली, तर फेरे पन्नासच्या घरात राहतात व चढ पार होतो. म्हणून इंग्लंडला सायकल नेणाऱ्याने किंवा तेथे भाड्याने घेणाऱ्याने फ्रेमच्या वजनाची चौकशी करण्याआधी सर्वांत हलका गिअर कोणता आहे, हे विचारावे. एखाद्या किलोने हलक्या सायकलपेक्षा मागच्या चक्रावरचे चार जादा दाते अशा चढावर अधिक उपयोगी पडतात, आणि या बाबतीत कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही.

मार्ग आखण्याचे सर्वांत विश्वासार्ह साधन म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या शासकीय मापन संस्थेचे नकाशे. १७९१ पासून चालत आलेल्या या संस्थेच्या नकाशांपैकी गुलाबी वेष्टनातील ‘लँडरेंजर’ मालिका सायकलस्वाराला सोयीची आहे. तिचे प्रमाण पन्नास हजारास एक, म्हणजे नकाशावरील दोन सेंटिमीटर बरोबर जमिनीवरील एक किलोमीटर, असे आहे. या नकाशांवर रस्त्यावरच बाणाच्या टोकासारखी खूण केलेली असते. एक टोक असेल तर चढ साधारण चौदा ते वीस टक्के, आणि दोन टोके असतील तर वीस टक्क्यांहून अधिक; टोकाची दिशा नेहमी उताराकडे असते. या दोन खुणा नीट पाहिल्या, तरी दिवस कसा जाणार याची बरीच कल्पना येते. त्यांच्या जोडीला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, वाचता यायला हव्यात: जेथे रस्ता या रेषांना समांतर जातो तेथे तो सपाट असतो, आणि जेथे दाटीने आलेल्या रेषांना तो काटकोनात छेदतो तेथे चढ उभा असतो. मोबाइलवरील मार्गदर्शक ॲप चढाचा आलेख काढून देतात, परंतु उंचीची विदा सपाट करून घेण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे दीडशे-दोनशे मीटरचा उभा टप्पा त्या आलेखात अनेकदा हरवतो. सरासरी तीव्रतेचा आकडाही असाच फसवा असतो, कारण मध्ये थोडा उतार किंवा सपाटी आली की सरासरी खाली येते, आणि पायांना मात्र सरासरी चढायची नसते.

नकाशावरून भूरचनेचा प्रकार ओळखता आला, तर आखणी आणखी सोपी होते. उत्तरेकडील यॉर्कशर डेल्समध्ये हिमनद्यांनी कोरलेली रुंद, यू-आकाराची खोरी आहेत. खोऱ्याच्या तळातून नदीकाठाने जाणारा रस्ता सौम्य असतो, आणि एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जाणारा रस्ता मधले उघडे माळरान ओलांडताना तीव्र चढतो. म्हणजे दिवसात किती वेळा खोरे बदलायचे, हे ठरवले की श्रमांचे मापही ठरते. कॉट्सवोल्ड टेकड्यांची रचना निराळी आहे. त्यांची पश्चिमेकडील बाजू कड्यासारखी उभी, तर पूर्वेकडील बाजू लांबवर हळूहळू उतरत जाणारी आहे. त्यामुळे तेथे एकच टेकडी कोणत्या बाजूने चढली, यावर तिचा स्वभाव बदलतो.

पहिल्या मोठ्या मार्गासाठी यॉर्कशर डेल्ससारखा दुसरा प्रदेश नाही. १९५४ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या या प्रदेशात चढ दमदार आहेत, पण बहुतेक ठिकाणी क्रूर नाहीत. खोऱ्यांमध्ये दहा-बारा किलोमीटरच्या आत गाव लागते, आणि चुनखडकाच्या कुंपणभिंती, शेताशेतांत उभे असलेले दगडी गोठे व त्यांच्या वरचे मोकळे माळ यांचे दृश्य दिवसभर डोळ्यांसमोर राहते. २०१४ साली टूर द फ्रान्स या शर्यतीचे पहिले दोन टप्पे यॉर्कशरमध्ये झाले, आणि पहिल्या टप्प्याचा गाभा ज्या रस्त्यांवर होता त्यांतूनच सुमारे सत्तर किलोमीटरचे एक उत्तम वर्तुळ आखता येते. हे वर्तुळ वेन्सलीडेल आणि स्वेलडेल या दोन शेजारच्या खोऱ्यांना जोडते.

लेबर्न या बाजारगावातून निघून वेन्सलीडेलच्या उत्तरेकडील लहान रस्त्याने रेडमायर, कार्पर्बी आणि ॲस्क्रिग या गावांवरून पश्चिमेला हॉज गाठावे. खोऱ्याच्या दक्षिणेकडून जाणारा मुख्य रस्ता थोडा जवळचा असला, तरी त्यावर वाहने अधिक असल्याने तो टाळलेलाच बरा. रेडमायरजवळ, १५६८ साली स्कॉटलंडच्या राणी मेरीला जेथे नजरकैदेत ठेवले होते तो बोल्टनचा किल्ला रस्त्याच्या वरच्या अंगाला दिसतो. हॉज हे चीजसाठी प्रसिद्ध असलेले गाव वर्तुळाच्या पहिल्या तृतीयांशानंतर येते, आणि पोटभर खाऊन घेण्याची योग्य जागा हीच आहे. कारण त्यानंतर बटरटब्जची खिंड सुरू होते. टूरच्या नोंदीनुसार हा चढ साडेचार किलोमीटरचा आणि सरासरी ६.८ टक्क्यांचा आहे, पण ही सरासरी वर सांगितल्याप्रमाणेच फसवी असून मधले काही टप्पे याच्या दुपटीहून तीव्र आहेत. ५२६ मीटर उंचीच्या माथ्यापलीकडे, रस्त्याला लागूनच चुनखडकातील खोल विवरे आहेत. तेथे थांबून ती पाहावीत, पण उतरताना सायकलवरून त्यांच्याकडे पाहू नये, कारण थ्वेट गावापर्यंतचा उतार अरुंद, वळणांचा आणि एका बाजूला दरी असलेला आहे.

थ्वेटपासून रीथ गावापर्यंतचा रस्ता स्वेल नदीच्या काठाने जातो आणि हा या वर्तुळाचा सर्वांत सुखाचा भाग आहे. रीथपाशी नदी ओलांडून ग्रिंटनला आले की ग्रिंटन मूर हा तीन किलोमीटरचा शेवटचा चढ येतो आणि तो संपल्यावर रस्ता लेबर्नकडे उतरतो. वर्तुळ याच दिशेने आणि लेबर्नहूनच सुरू करावे, असे सुचवण्यामागे वाऱ्याचे कारण आहे. इंग्लंडमध्ये वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून वाहतो. त्यामुळे पश्चिमेकडचा प्रवास सकाळी ताज्या पायांनी समोरच्या वाऱ्यात होतो आणि दुपारी स्वेलडेल उतरताना वारा पाठीशी असतो. हेच वर्तुळ हॉजहून सुरू केले, तर थकलेल्या अवस्थेत शेवटचे पंचवीस किलोमीटर वाऱ्याविरुद्ध काढावे लागतात. अधिक चढाई हवी असणाऱ्याने थ्वेटहून उत्तरेला केल्डमार्गे टॅन हिलवर जावे. तेथे ५२८ मीटर उंचीवर ब्रिटनमधील सर्वांत उंच पब आहे, आणि तेथून आर्केनगार्थडेल या खोऱ्याने थेट रीथला उतरता येते.

दुसरा प्रदेश पीक डिस्ट्रिक्टचा. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन शहरांच्या मध्ये असलेले हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान १९५१ साली स्थापन झाले, आणि दोन्ही शहरांना जोडणारा लोहमार्ग त्याच्या आतून जात असल्याने मोटारीशिवाय येणाऱ्याला ते सर्वांत सोयीचे आहे. होप स्थानकावर उतरून कॅसलटनमार्गे विनॅट्स खिंड चढावी, मॅम टोर टेकडीच्या खांद्यावरून ईडेलच्या खोऱ्यात उतरावे आणि नदीकाठाने परत होपला यावे. हे वर्तुळ वीस किलोमीटरच्या आसपासच आहे, पण त्यात चढाचे खरे रूप कळते. विनॅट्स ही चुनखडकाच्या दोन उभ्या भिंतींमधून जाणारी खिंड असून तिची तीव्रता वीस टक्क्यांच्या वर जाते. शेजारून जाणारा मॅम टोरखालचा मोठा रस्ता भूस्खलनाने वारंवार खचल्यामुळे १९७९ साली वाहनांसाठी कायमचा बंद झाला, आणि तेव्हापासून मोटारीही या अरुंद खिंडीतूनच जातात. म्हणून विनॅट्स नेहमी चढावी, उतरू नये. आणि सुट्टीच्या दिवशी चढायची असल्यास सकाळी नऊच्या आत. सोबत लहान मुले किंवा नवखे स्वार असतील, तर बेकवेलजवळचा मॉन्सल ट्रेल हा जुन्या लोहमार्गावर केलेला, बोगद्यांतून जाणारा आणि मोटारी नसलेला मार्ग अधिक योग्य आहे. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे इंग्लंडमधील अशा बहुतेक जुन्या लोहमार्गांवर चढ सौम्य असतो.

दक्षिणेकडील एक्समूरचा उल्लेख एका ठिकाणासाठी आवश्यक आहे. पोर्लॉक गावाबाहेरील मुख्य रस्त्याचा चढ पंचवीस टक्के आहे, पण त्याला पर्याय म्हणून १८४० च्या दशकात बांधलेला खासगी पथकराचा रस्ता झाडीतून वळणे घेत तीच उंची सौम्यपणे गाठतो. थोडा पथकर देऊन हा रस्ता घेणे, यात चतुराईच आहे.

रस्त्यावरील वर्तनाविषयी काही गोष्टी आधी माहीत असणे हिताचे आहे. वाहतूक भारताप्रमाणेच डावीकडून चालते, फलकांवरील अंतरे मात्र मैलांत असतात. शहराबाहेरील अगदी अरुंद रस्त्यांवरही, वेगळा फलक नसल्यास, मोटारींची कमाल मर्यादा ताशी ६० मैल असते. म्हणून दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी असलेल्या रस्त्यावर वळणाआधी वेग कमी करणे आणि रस्त्याच्या अगदी कडेला न चिकटता स्पष्ट दिसेल असे चालणे सुरक्षित ठरते. २०२२ साली सुधारलेल्या ‘हायवे कोड’ या वाहतूक नियमावलीनुसार सायकलस्वारांना शेजारी-शेजारी चालण्याची मुभा आहे, आणि ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने ओलांडणाऱ्या मोटारचालकाने किमान दीड मीटर अंतर सोडावे असे सांगितले आहे. घोडेस्वार दिसल्यास मागून आवाज देऊन, वेग कमी करून, पुरेसे अंतर ठेवून जावे. पायवाट म्हणून नोंदलेल्या वाटेवर सायकल चालवण्याचा हक्क नाही. घोडेवाटेवर, म्हणजे ब्रिडलवेवर, तो १९६८ पासून आहे, पण रस्त्याच्या सायकलीच्या टायरांना त्या वाटा सहसा सोसत नाहीत. माळरानाच्या सीमेवर गुरे-मेंढ्या अडवण्यासाठी रस्त्यात लोखंडी दांडे आडवे बसवलेले असतात. या कॅटल ग्रिडवरून हँडल सरळ धरून, काटकोनात, ब्रेक न लावता जावे. पावसात हे दांडे अत्यंत निसरडे होतात. त्यापलीकडे रस्त्याला कुंपण नाही असे समजावे आणि उतारावर मेंढी कोणत्याही क्षणी आडवी येईल या तयारीने, दोन्ही ब्रेक हाताशी ठेवून उतरावे. एप्रिल-मेमध्ये कोकरे रस्त्याच्या एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असेल, तर हा धोका जवळजवळ निश्चित असतो.

मे ते सप्टेंबर हा उत्तम काळ. जूनच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमध्ये सुमारे सतरा तास उजेड असतो, तर डिसेंबरात जेमतेम साडेसात तास. पाऊस मात्र वर्षभर येतो. त्याला महाराष्ट्रासारखा ठरलेला हंगाम नाही. पाचशे मीटर उंचीवर तापमान पायथ्याहून साधारण तीन अंशांनी कमी असते, आणि घामाने भिजून चढल्यावर लगेच वेगाने उतरताना वाऱ्यामुळे अंग फार लवकर गार पडते. त्यामुळे पातळ वारारोधक जाकीट व पूर्ण बोटांचे हातमोजे जुलैतही खिशात असावेत. सप्टेंबरपासून शेतकरी कुंपणझाडी छाटतात, आणि हॉथॉर्नचे काटे रस्त्यावर पडून टायर पंक्चर होतात. त्या दिवसांत दोन जादा ट्यूब आणि २८ ते ३२ मिलिमीटरचे दणकट टायर असणे अगत्याचे आहे. लहान गावांतील दुकाने लवकर बंद होतात, पबची स्वयंपाकघरे दुपारी काही तास बंद राहतात आणि खोल खोऱ्यांत मोबाइलला संकेत मिळत नाही. म्हणून दोन बाटल्या पाणी, थोडे खाणे व कागदी नकाशा जवळ असावा. लांब पल्ल्याच्या अनेक आगगाड्यांत सायकलसाठी जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि लोकल गाड्यांत मोजक्याच सायकली घेतल्या जातात, हेही परतीची वेळ ठरवताना विचारात घ्यावे. पुणे-नाशिककडील ज्या स्वारांनी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत दोनशे किलोमीटर व त्याहून अधिक अंतर पार करण्याचे उपक्रम, पूर्ण केले आहेत, त्यांनी दिवसाचे अंतर सवयीच्या निम्म्यावर आणावे. सत्तर किलोमीटरचा डेल्समधील दिवस पुरेसा भरगच्च असतो.

राहता राहिला लेक डिस्ट्रिक्ट. तेथील हार्डनॉट आणि रायनोज या लागोपाठच्या दोन खिंडी ३९३ मीटर एवढ्याच उंच आहेत, पण हार्डनॉटचा सर्वांत उभा टप्पा तीस टक्क्यांच्या आसपास जातो आणि ब्रिटनमधील सर्वांत कठीण रस्त्यांत या खिंडीची गणना होते. पश्चिमेकडून चढताना वाटेत दुसऱ्या शतकातील रोमन किल्ल्याचे अवशेष लागतात, आणि तेथे थांबून घेतलेली विश्रांती पुढच्या वळणांवर उपयोगी पडते. डेल्स आणि पीकमधील चढ पायांत मुरल्यानंतरच, कोरड्या दिवशी, सर्वांत हलका गिअर लावून ही खिंड चढावी; जेथे पुढचे चाक उचलले जाऊ लागेल तेथे उतरून सायकल ढकलावी. रस्ता ओला असताना तिच्या कोणत्याही बाजूने सायकलवर बसून उतरू नये.